‘बंद पडला’ लिहिण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची बारा पानं परवा मिळाली. एकदा सकाळी चहाबरोबर वाचली, एकदा रात्री घरातले सगळे झोपल्यावर. गावातल्या संपलेल्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायला कोणी तरुण माणूस बसतो, हेच मला इतकं मोलाचं वाटतं की चुका काढायला हात धजेना. पण तू सल्ला मागितला आहेस. अर्धामुर्धा सल्ला देऊन तुझा वेळ खाण्यापेक्षा जे वाटलं ते सरळ लिहितो.

तुझं पहिलंच वाक्य आहे, ‘पैशाअभावी आमच्या गावचा क्लब बंद पडला.’ त्यातल्या ‘पडला’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे.

आपल्या भाषेत हे ‘पडणं’ फार सोयीचं आहे. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, भाव पडतो, माणूस आजारी पडतो, गिरणी बंद पडते. कोणी काही केलं असं त्यात कुठेच येत नाही. माझं लहानपण लोअर परळच्या चाळीत गेलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतरची वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. ‘गिरण्या बंद पडल्या’ हे वाक्य पुढे पेपरात, भाषणांत, लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा कानावर आलं की ते खरंच वाटू लागलं. माझे वडील मात्र ते कधी बोलले नाहीत. ते म्हणायचे, ‘बंद केली.’ आणि पुढे सांगायचे, नोटीस कुठल्या दारावर लागली, त्या दिवशी कुठली पाळी होती, कोणी कोणाला वाचून दाखवली. इतिहास लिहिणं म्हणजे काय, हे मी पुढे जे काही शिकलो ते सगळं या दोन शब्दांतल्या फरकात होतं. समजायला मला वीस वर्षं लागली. तुला तेवढी लागू नयेत म्हणून हे पत्र.

मी तुला एका गावाची गोष्ट सांगतो. ते गाव इंग्लंडमधलं, लँकेशायर परगण्यातलं. नाव ॲक्रिंग्टन. त्या गावाशी माझी ओळख फुटबॉलमुळे झाली नाही. वडील कताई खात्यात होते. दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. झेंडूच्या माळेमागे यंत्राच्या ओतीव लोखंडावर उठावाची इंग्रजी अक्षरं होती. नुकती अक्षरओळख झालेली, म्हणून एकेक जुळवत वाचलं: हॉवर्ड अँड बुलो, ॲक्रिंग्टन. सूत कातायची यंत्रं बनवणारा हा मोठा कारखाना. त्याची यंत्रं जगभर जात, तशी आपल्याकडेही आली. पुढे वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात नोकरीला लागलो आणि परदेशी फुटबॉलच्या जुन्या कात्रणांत तेच नाव दिसलं: ॲक्रिंग्टन स्टॅनली. गिरणीतला तो दसरा आठवला आणि मी त्या क्लबच्या मागे लागलो. अजून लागलेलो आहे.

पहिली ठेच नावालाच लागली. ती तुलाही लागणार आहे, म्हणून सांगतो. १८८८ साली इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिचे बारा संस्थापक क्लब होते. त्यांत एक होता ‘ॲक्रिंग्टन’. नुसतं ॲक्रिंग्टन, पुढे काही नाही. हा क्लब १८९३ साली दुसऱ्या विभागात ढकलला गेला, तेव्हा तिथे खेळण्याऐवजी त्याने लीगच सोडली, आणि तीनेक वर्षांत तो संपला. ‘स्टॅनली’ हा निराळा. १८९१ च्या सुमारास स्टॅनली स्ट्रीट या गल्लीच्या आसपास राहणाऱ्या पोरांनी काढलेला, मूळ नाव ‘स्टॅनली व्हिला’. गावचा जुना क्लब गेल्यावर या गल्लीच्या क्लबने गावाचं नाव पुढे लावलं. पण आजही चांगले जाणकार लोक स्टॅनलीला ‘लीगचा संस्थापक’ म्हणून टाकतात. दोन क्लब, एक गाव, आणि लोकांच्या डोक्यात दोहोंची झालेली खिचडी.

तुझ्या पानांतही मला असाच वास येतो. दुसऱ्या पानावर क्लबची स्थापना स्वातंत्र्याआधीची आहे आणि पाचव्या पानावर नोंदणी साठच्या दशकातली. मधल्या वर्षांत काय झालं? बहुधा तुझ्याकडे एक क्लब नाही, दोन आहेत. आधीची तालमीची पोरं आणि नंतरचं नोंदणीकृत मंडळ. दोघांनी एकच नाव वापरलं असेल, कदाचित एकच मैदान. घाईने त्यांना एका दोऱ्यात ओवू नकोस. नोंदणीचा कागद, पावतीपुस्तकावरचा शिक्का, जुन्या चषकावर कोरलेलं नाव, ही तीन ठिकाणं आधी बघ. माणसं विसरतात, चषकावरचं कोरीव नाव बदलत नाही.

आता तुझ्या पानांच्या वाटणीबद्दल. बारापैकी साडेनऊ पानं क्लबच्या शेवटच्या वर्षाची आहेत. कारण मला कळतं. शेवटाची आठवण ताजी, बोलणारे हयात, आणि जखम अजून ठणकते. पण मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना फक्त त्याचं आजारपण लिहिलं तर त्याच्या घरच्यांना काय वाटेल, याचा विचार कर.

स्टॅनलीचं नाव निघालं की इंग्लंडातले लोकही थेट १९६२ वर, म्हणजे क्लब लीगमधून गेला त्या वर्षावर, उडी मारतात. मी मात्र तुला १९५४ च्या नोव्हेंबरात नेतो. शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सशी एक मैत्रीपूर्ण सामना होता. लीगचा नाही, चषकाचा नाही. पील पार्क या स्टॅनलीच्या मैदानावर त्या दिवशी १७ हजारांवर माणसं आली. गावाची वस्ती सुमारे ४० हजार. पाहुणे शेजारचेच, त्यामुळे त्यांच्याकडचेही पुष्कळ लोक आले असणार हे धरलं, तरी तो आकडा केवढा ते बघ. वॉल्टर गॅलब्रेथ नावाचा स्कॉटिश व्यवस्थापक तेव्हा संघ बांधत होता. त्याने स्कॉटलंडमधून इतके खेळाडू आणले की १९५५ मध्ये एका सामन्यात अकराच्या अकरा जण जन्माने स्कॉटिश होते. त्यांतल्या जॉर्ज स्टुअर्टने क्लबसाठी लीगमध्ये १३६ गोल केले. लेस कॉकर नावाचा एक जण तेव्हा संघात होता, तो पुढे १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघाचा प्रशिक्षक-मदतनीस झाला.

आणि आता हे चार हंगाम बघ. तिसऱ्या विभागाच्या उत्तर गटात स्टॅनली १९५४-५५ मध्ये दुसरे आले, बार्न्सलीच्या चार गुण मागे. पुढच्या वर्षी तिसरे. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तिसरे. १९५७-५८ मध्ये परत दुसरे. त्या काळी उत्तर गटातून फक्त पहिला क्लब वर जायचा. दुसऱ्याला काही नाही. चार वर्षं सलग दाराशी येऊन परतणं म्हणजे काय, हे ज्याने स्पर्धेत उपविजेत्याची ढाल घरी नेली आहे त्याला सांगावं लागत नाही. चारातल्या एका वर्षी काही गुण जास्त पडते, तर १९६२ आलं असतं का? मला माहीत नाही आणि तसलं मी लिहीतही नाही. पण ही चार वर्षं सांगितल्याशिवाय १९६२ सांगायचा मला हक्कच नाही, असं मी मानतो. तूही तुझ्या क्लबची अशी चार वर्षं शोध. ती असतातच. निदान पाच पानं त्यांना दे, आणि शेवटच्या वर्षाला तीन.

कारणांकडे येतो. तू ‘पैशाअभावी’ लिहिलंस. हे कारण नव्हे, कारणांची बेरीज आहे. बेरजेच्या वरचे आकडे मांडायला हवेत.

ॲक्रिंग्टनच्या बेरजेतला पहिला आकडा कापसाचा. लँकेशायरचा कापडधंदा दोन महायुद्धांच्या मधल्या काळापासूनच खचत होता. १९३१ साली गांधीजी तिथल्या बेकार गिरणी कामगारांना भेटायला गेले, ते डार्वेन ॲक्रिंग्टनपासून फार लांब नाही. (त्या भेटीवर स्वतंत्र लिहिण्यासारखं आहे. कधीतरी बोलू.) दुसऱ्या महायुद्धानंतर हाँगकाँगचं, पाकिस्तानचं आणि आपल्याकडचंही स्वस्त कापड तिथे उतरू लागलं. १९५९ मध्ये ब्रिटिश सरकारने कायदाच केला, की गिरणीमालकांनी जुनी यंत्रं मोडीत काढली तर सरकार पैसे देईल. ज्या गावाची यंत्रं आमच्या परळात फिरत होती, त्या गावाच्या पोटावर आपल्या कापडाचाही थोडा पाय पडला होता, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. शनिवारी दुपारी मैदानात पैसे देऊन येणारा माणूस हाच गिरणीतला, कारखान्यातला माणूस. त्याचा आठवड्याचा पगार गेला की पहिलं तिकीट फुटबॉलचं कापलं जातं.

दुसरा आकडा शेजाऱ्यांचा, आणि हा मी खूप उशिरा लक्षात घेतला. पश्चिमेला सातआठ किलोमीटरवर ब्लॅकबर्न, पूर्वेला साधारण तेवढ्याच अंतरावर बर्न्ली. दोन्ही क्लब पहिल्या विभागात. ब्लॅकबर्न १९६० साली एफए चषकाच्या, म्हणजे इंग्लंडातल्या मोठ्या बाद-पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात पोचलं. बर्न्लीने त्याच हंगामात अख्ख्या इंग्लंडचं विजेतेपद मिळवलं. मग ॲक्रिंग्टनचा पोरगा शनिवारी बसमध्ये बसून कुठे जाईल? चौथ्या विभागातला हरणारा संघ बघायला की देशातला अव्वल संघ बघायला? त्याला दोष देता येत नाही. तू तुझ्या गावाचं एसटीचं वेळापत्रक बघितलंस का? तालुक्याच्या गावी मोठ्या स्पर्धा कधीपासून भरू लागल्या? गावात टीव्ही कधी आला आणि रविवारी दुपारी त्यावर काय असायचं? क्लबच्या इतिहासाचे अर्धे पुरावे क्लबच्या कपाटात नसतात.

तिसरा आकडा एका स्टँडचा, आणि इथे जरा थांबतो, कारण मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. १९५८ साली लीगची फेररचना झाली. उत्तर-दक्षिण गट जाऊन देशभराचे तिसरा आणि चौथा असे विभाग झाले. स्टॅनली दुसरे आले होते, म्हणून त्यांना नव्या तिसऱ्या विभागात जागा मिळाली. क्लबला वाटलं, आता मैदान शोभायला हवं. दक्षिण इंग्लंडात ऑल्डरशॉटला लष्करी कवायतींचा मोठा सोहळा व्हायचा, तिथला प्रेक्षकांचा वापरलेला स्टँड विकायला निघाला होता. तो त्यांनी घेतला. स्टँड स्वस्तात मिळाला, पण तो सोडवून, देशाच्या त्या टोकाहून आणून पुन्हा उभा करायला त्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला. शिवाय तो कवायत बघायला बांधलेला. फुटबॉल बघायला त्यातून नीट दिसतही नव्हतं. त्याच वर्षी गॅलब्रेथ गेला. चांगले खेळाडू विकावे लागले. १९६० मध्ये क्लब तळाला जाऊन चौथ्या विभागात आला. जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला २० पौंडांची मर्यादा उठली, आणि लहान क्लबांची चांगले खेळाडू धरून ठेवण्याची उरलीसुरली ताकदही गेली.

त्या स्टँडवर हसणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. तू हसू नकोस. तुझ्या सातव्या पानावर क्लबने कर्ज काढून पक्की गॅलरी बांधल्याचं आहे, आणि तिथे तुझी भाषा जरा तिखट झाली आहे. ज्यांनी ती बांधली ते गावावर प्रेम करणारे लोक होते. त्यांना वाटलं, आपल्या गावालाही चांगलं काही असावं. कर्ज किती, व्याज किती, कोणाच्या सहीने, हे सगळं लिही, एक रुपया लपवू नकोस. पण त्या दिवशी नारळ कोणी फोडला आणि पेढे कोणी वाटले तेही लिही.

आता शेवट. मी तुला सांगतो तो कसा मांडायचा. तारखेने. विशेषणं नंतर, आधी तारखा.

२४ फेब्रुवारी १९६२, शनिवार. पील पार्कवर रॉचडेलशी सामना. ०-२ हार. मैदानात अडीच-पावणेतीन हजार माणसं. आपण लीगचा शेवटचा घरचा सामना बघतो आहोत हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

२ मार्च, शुक्रवार. क्रू इथे बाहेरगावचा सामना. ०-४ हार.

६ मार्च, मंगळवार. लीगमधून बाहेर पडत असल्याचं राजीनामापत्र क्लबने लीगकडे पाठवलं. कर्जाचा आकडा ६० हजार पौंडांच्या आसपास सांगितला जात होता. त्यातही अगदी तातडीने द्यायची रक्कम म्हणजे इतर क्लबांची खेळाडू-बदलीची थकबाकी, ती काही हजारांची.

त्यानंतरच्या काही दिवसांत मदतीची आश्वासनं आली. क्लबने लीगला पुन्हा लिहिलं, राजीनामा मागे घेतो. लीगचे सचिव ॲलन हार्डेकर आणि त्यांच्या कार्यकारिणीने ते मानलं नाही. राजीनामा दिला तो दिला.

बस. दोन आठवडे. सत्तर वर्षांचा क्लब, आणि त्याच्या शेवटाला एक पत्र लागलं. आता सांग, तो बंद ‘पडला’ का? कर्ज होतं, गिरण्या जात होत्या, बस शेजारगावी जात होत्या, हे सगळं खरं. पण त्या मंगळवारी कोणीतरी कागद घेतला, कोणीतरी मजकूर सांगितला, कोणीतरी सही केली, आणि पुढे दुसऱ्या एका खोलीत काही लोकांनी ‘आता परत नाही’ असं ठरवलं. यांतला प्रत्येक निर्णय दुसरा होऊ शकला असता. तुझ्या क्लबच्या शेवटालाही असा एक मंगळवार आहे. तो शोध. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात असेल, नाहीतर जिल्हा संघटनेला पाठवलेल्या ‘यंदा प्रवेशिका भरू शकत नाही’ अशा दोन ओळींच्या पत्रात असेल.

मात्र इथे सांभाळ. निर्णय शोधता शोधता माणूस खलनायक शोधू लागतो. बर्न्ली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड हे त्या दिवसांत स्टॅनलीला सल्ला द्यायला आले होते. मूळचे मटणविक्रेते, स्वभावाने कडक, शेजारच्या बलाढ्य क्लबचे सर्वेसर्वा. राजीनाम्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली, की शेजारच्या क्लबचा काटा काढायलाच हे आले होते. ती कुजबुज आजही संपलेली नाही. मी काय करतो? लॉर्ड सल्लागार म्हणून आले, हे लिहितो. लोकांना संशय आला, हेही लिहितो, कारण तो संशय त्या गावाच्या दुःखाचा भाग आहे. पण संशय हा संशय म्हणूनच लिहितो. तुझ्या दहाव्या पानावर एका गृहस्थांचं आडनाव घालून तू ‘यांनीच क्लब खाल्ला’ असं लिहिलं आहेस. पुरावा आहे का? नसेल तर ते नाव आजच काढ. त्यांची नातवंडं त्याच गावात राहतात, त्याच शाळेत जातात.

आणि त्या गृहस्थांना भेटलास का? तुझ्या पानांवरून वाटतं, नाही. जा. आरोप घेऊन जाऊ नकोस, तारीख घेऊन जा. ‘त्या मार्चमध्ये सभा कोणाच्या घरी झाली होती?’ एवढाच प्रश्न विचार आणि गप्प बस. थकलेली, घाबरलेली, घरच्या कटकटींनी गांजलेली माणसं सह्या करतात. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

इथे माझं एक सांगतो. ऐंशीच्या दशकात एका गिरणीचा फुटबॉल संघ संपला. मी तेव्हा क्रीडा विभागात होतो. तीन ओळींची बातमी दिली, ‘संघ बंद पडला’. दुसऱ्या दिवशी त्या संघाचे कप्तान कार्यालयात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. पिशवीत संघाचे सगळे फोटो, तीस वर्षांचे. ते म्हणाले, ‘साहेब, पडला म्हणून लिहिलंत. एकदा विचारायचं तरी होतं.’ मी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला, पण अंकाची वेळ होती म्हणून ‘पुढच्या आठवड्यात सविस्तर बोलू’ म्हणालो. तो पुढचा आठवडा मी आणलाच नाही. काही वर्षांनी पत्ता काढत गेलो तेव्हा ते नव्हते आणि त्यांच्या घरी पिशवी कुठे गेली हे कोणाला सांगता आलं नाही. ते फोटो आता कुठेच नाहीत. मी तुला जे ‘जा, भेट, आजच’ म्हणून टोचतो आहे ते यामुळे.

मोठ्या क्लबांबाबतही हेच. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद केला गेला. १९९६-९७ ची पहिलीवहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये. दोन्हीकडे मालक कंपन्यांनी घेतलेले निर्णय होते, जाहीर केलेले. तरी मी लोकांना ‘पडले’च म्हणताना ऐकतो. जीभ वळतेच तशी.

स्टॅनलीचं पुढे काय झालं, तेही ऐक, कारण तू तुझ्या गोष्टीत शेवटच्या सभेपाशी पूर्णविराम दिला आहेस. १९६२ नंतर क्लब लगेच नाहीसा झाला नाही. लँकेशायर कॉम्बिनेशन या स्थानिक स्पर्धेत आणखी जवळजवळ चार वर्षं खेळला. १९६६ साली तोही संपला. या वर्षांबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते सगळ्यांत धीराची वर्षं तीच. लीग गेली, पेपरांचं लक्ष गेलं, तरी शनिवारी कोणीतरी जाळी बांधत होतं, कोणीतरी सदरे धूत होतं. तुझ्या गावातही शेवटच्या सभेनंतर पोरं त्या मैदानावर खेळतच राहिली असतील, जुनेच सदरे घालून. त्यांना शोध.

मग १९६८ मध्ये गावकऱ्यांनी नवा क्लब काढला, नाव तेच ठेवलं, आणि १९७० पासून तो क्राउन ग्राउंडवर खेळू लागला. हा कायद्याने वेगळा क्लब. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दुधाच्या एका टीव्ही जाहिरातीत ‘ॲक्रिंग्टन स्टॅनली म्हणजे कोण?’ असा एक टोमणा आला आणि त्या वाक्याने हे नाव देशभर पोचलं. २००६ साली नवा स्टॅनली फुटबॉल लीगमध्ये वर आला. १९६२ मध्ये जुन्या स्टॅनलीच्या रिकाम्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडला घेतलं होतं. २००६ मध्ये स्टॅनली वर आले, त्याच वर्षी ऑक्सफर्ड लीगबाहेर गेलं.

असा योगायोग हाती आला की लिहिणाऱ्याची लेखणी शिवशिवते. ‘नियतीने हिशेब चुकता केला’ वगैरे. तो मोह आवर. ऑक्सफर्डने कोणाचं काही हिसकावलं नव्हतं. तिथल्या पोरांनीही त्या वर्षी रडून घेतलं असेल. आणि ज्यांनी १९६२ चं दुःख सोसलं त्यांच्यापैकी किती जण २००६ बघायला होते? घटना सांग, तारीख सांग, पुढे जा.

काही वर्षांपूर्वी मँचेस्टरला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा आगगाडीने ॲक्रिंग्टनला जाऊन आलो. उंच कमानींच्या रेल्वेपुलावरून गाडी गावात शिरते. पील पार्कचं ते मैदान अजून मोकळं आहे, शेजारी प्राथमिक शाळा आहे. मी गेलो तेव्हा मधली सुट्टी होती. मी कुंपणाशी उभा राहून मुलं बघितली आणि परतलो. मनात वडिलांचं कताई खातं होतं. बोलायला कोणी नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं.

शेवटी त्या हंगामाचा हिशेब. राजीनामा स्वीकारला गेला तेव्हा स्टॅनलीचे ३३ सामने खेळून झाले होते. लीगने ते सगळे निकाल रद्द केले. त्या वर्षीच्या अंतिम तक्त्यात स्टॅनलीची ओळच नाही. कोणी डोक्याने मारलेला गोल, कोणी अडवलेली पेनल्टी, बाहेरगावी थंडीत मिळवलेली बरोबरी, अधिकृतरीत्या काही घडलंच नाही. पण गावातल्या लोकांनी त्या ३३ सामन्यांच्या तारखा, निकाल, गोल करणाऱ्यांची नावं जपली. म्हणून मला आज ती वाचता येतात.

तुझ्या क्लबचा शेवटचा हंगामही अर्धवटच राहिला, असं तूच लिहिलं आहेस, आणि जिल्ह्याच्या कागदांत त्या वर्षीचा एकही निकाल नाही. तेव्हा पुढचे दोन महिने लिखाण बाजूला ठेव. दोनशे पानी वही घे. त्या हंगामातले जितके सामने मिळतील तितके, एका पानावर एक: तारीख, कोणाशी, कुठे, काय निकाल, गोल कोणी केले, पंच कोण होते, पाऊस होता का. दोन माणसांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिही, कोणी काय सांगितलं त्यासकट. तुझ्या पानांत तो सेंटर फॉरवर्ड आहे ना, आता पिठाची गिरणी चालवतो तो? त्याच्याकडे आधी जा. सकाळी गिऱ्हाईक असतं आणि दुपारी तो झोपत असेल. संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, ‘क्लबबद्दल सांगा’ असं म्हणू नकोस. ‘बूट कुठून आणायचात?’ असं विचार. मग तो आपणहून बोलेल.

आणि तू पाठवलेल्या फोटोच्या झेरॉक्समध्ये खालच्या रांगेत डावीकडून चौथा, चेंडू मांडीवर धरून बसलेला पोरगा आहे. बाकी दहा जणांची नावं तू लिहिली आहेस, त्याचं नाही. ते विचारून ये आणि मूळ फोटोच्या मागे हलक्या हाताने पेन्सिलीने लिही. शाईने नको, पुढे उमटते.

वही अर्धी झाली की घेऊन ये. जेवायलाच ये.

तुझा,
काका